रोहित वाढले, जाळी हलकी झाली

ऐरोलीच्या जेट्टीवरून खाडीत जायचं तर घड्याळाआधी तिथी बघावी. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी. ते फार चढत नाही, फार उतरतही नाही. अमावास्या-पुनवेला उधाण. काठच्या कोळी-आगरी गावांत हे गणित पोरासोरांनाही येतं.

ओहोटी लागली की ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो आणि त्यावर गुलाबी रांगा दिसू लागतात. हे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. १९९०च्या दशकापासून ते इथे मोठ्या संख्येने येऊ लागले. २०१५ साली खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटर भाग अभयारण्य झाला, २०२२मध्ये रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

छोटा रोहित, म्हणजे फ्लेमिंगोंमधली लहान जात, मान खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवतो. जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागे-पुढे होते, सेकंदाला साधारण वीसदा. पाणी आत येतं, चोचीच्या कडेच्या बारीक झालरीतून गाळून बाहेर जातं. मागे उरतं सूक्ष्म शेवाळ. पिसांचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो.

आता हे शेवाळ एवढं माजतं कशावर? बऱ्याच अंशी आपल्या सांडपाण्यावर. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसचं शेवाळाला खत होतं. पण तीच घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात, आणि रात्री शेवाळही तो वापरतं. मासे गुदमरतात. कोळंबी, जिताडा पूर्वीसारखा लागत नाही, ही कोळ्यांची जुनी तक्रार. त्यामुळे रोहितांची गर्दी दिसली म्हणजे खाडी ठणठणीत आहे, असं मानणं मला भाबडेपणाचं वाटतं. एकाचं ताट भरतं त्याच पाण्यात दुसऱ्याचं जाळं रिकामं येतं.

तिवरांनी, म्हणजे काठच्या खारफुटीच्या झाडांनी, मात्र या चिखलाशी जमवून घेतलंय. चिखलात हवा नाही, म्हणून त्यांची मुळं पेन्सिलीसारखी वर येऊन श्वास घेतात. जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतात. उन्हात पान चाटून बघा, जिभेला खारट लागेल.

आणि निवटी! डोक्यावर डोळे असलेला हा बोटभर मासा परांवर रेटा देत चिखलात उड्या मारतो. अंग ओलं असेल तोवर कातडीतूनही श्वास घेतो, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू घटला तरी त्याचं फारसं अडत नाही. चाहूल लागली की टुणकन बिळात. पुढच्या चिखलात रोहित, मागे तिवरं, आणि मधल्या बिळातून वर आलेले ते दोन डोळे.