बोटावर ९८, कपाळावर ६८: आमच्या उपकरणांचे आकडे कसे वाचावेत

मेंदूचं ऑक्सिमीटर, म्हणजे कपाळावर सेन्सर लावून मेंदूतल्या रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र, पहिल्यांदा वापरणारे बहुतेक जण आम्हाला एकच प्रश्न विचारतात. बोटाच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसतात, मग त्याच माणसाच्या कपाळावर ६८ का? माणूस ठणठणीत असतो आणि यंत्रही बिघडलेलं नसतं. दोन्ही यंत्रं वेगवेगळं रक्त मोजतात.

बोटावरचं यंत्र नाडीच्या ठोक्यागणिक कमी-जास्त होणारा प्रकाश तेवढा टिपतं. त्यामुळे त्याच्या हिशोबात फक्त धमनीतलं, फुफ्फुसातून नुकतंच आलेलं रक्त येतं. कपाळावरचा सेन्सर असा भेद करत नाही. त्याच्या प्रकाशाच्या वाटेत धमन्या, केशवाहिन्या आणि शिरा सगळंच येतं, आणि त्यात साधारण ७० ते ७५ टक्के रक्त शिरांमधलं असतं, म्हणजे मेंदूनं ज्यातला ऑक्सिजन आधीच वापरला आहे असं. म्हणून निरोगी प्रौढात ६० ते ८० हा आकडा नेहमीचा. आम्हाला हे मापन मोलाचं वाटतं ते याचसाठी: मेंदूनं घेतल्यावर किती उरलं, ते यात दिसतं. वजनानं शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो आणि स्वतःचा साठा जवळजवळ ठेवत नाही. पुरवठा घटला की उरलेला आकडा लगेच खाली येतो.

कवटीतून प्रकाश आरपार कसा जातो? साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश त्वचा आणि हाडातून बऱ्यापैकी पुढे सरकतो. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. फ्रान्स यॉब्सिस यांनी १९७७ साली हे दाखवून दिलं. अडचण अशी की प्रकाश जाताना आणि येताना टाळूच्या त्वचेतूनही जातो, आणि तिथलं रक्त आकड्यात मिसळतं. म्हणून आमच्या सेन्सरमध्ये प्रकाश टिपणारे दोन डोळे आहेत. जवळचा मुख्यतः त्वचा पाहतो, दूरचा खोलवर पाहतो, आणि यंत्र त्वचेचा हिस्सा वजा करतं. तो पूर्णपणे जात नाही. सेन्सर भुवईच्या वर, मध्यरेषेपासून बाजूला लावा, कारण मधोमध कवटीखाली मोठी शीर आहे. केसांवर लावू नका. घाम पुसा आणि बाहेरचा उजेड झाका.

एकट्या आकड्यापेक्षा बदल पाहा. शस्त्रक्रियेआधी, रुग्ण जागा आणि शांत असताना मूळ पातळी नोंदवा. त्या पातळीच्या २० टक्क्यांइतकी घसरण हा सर्वसाधारणपणे सावधानतेचा इशारा मानतात. मात्र सेन्सर त्याच्याखालचा भागच पाहतो. मेंदूच्या मागच्या भागातला रक्ताचा अडथळा त्याला दिसणार नाही.

त्वचेतला रक्तप्रवाह आणि ऑक्सिजन मोजायला आमच्याकडे दोन पद्धती आहेत. लेझर डॉप्लर साधारण १ मिलिमीटर खोलीपर्यंतच्या धावत्या लाल पेशींवरून परतणारा प्रकाश वाचतो. त्याचं उत्तर मिलिलिटरमध्ये येत नाही, पर्फ्यूजन युनिट या रक्तप्रवाहाच्या सापेक्ष एककात येतं. त्यामुळे एकाच्या हाताची दुसऱ्याच्या पायाशी तुलना करू नका. एकाच जागी, एकाच तापमानात, हालचाल न करता घेतलेली मापनं आपसात ताडून पाहा. वायर हलली तरी यंत्राला रक्त वाढल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या पद्धतीत छोटा इलेक्ट्रोड त्वचेला ४३ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो. केशवाहिन्या उघडतात, ऑक्सिजन त्वचेतून वर झिरपतो आणि पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये वाचता येतो. पायाच्या न भरणाऱ्या जखमांसाठी ही पद्धत विशेष उपयोगी आहे. जखमेजवळ आकडा ३० च्या खाली राहत असेल, तर ती आपोआप भरण्याची शक्यता कमी मानतात. तिथला रक्तपुरवठा डॉक्टरांनी तपासायला हवा. आकडा स्थिरावायला १५ ते २० मिनिटं द्या, घाईनं घेतलेली नोंद फसवते. उष्णतेमुळे त्वचा भाजू शकते, म्हणून सोबतच्या पुस्तिकेतल्या वेळेनुसार जागा बदला. नवजात बाळाच्या बाबतीत ही वेळ कधीही लांबवू नका.