टाकीच्या वरच्या सांध्याला कोणती तार?

नाशिकजवळच्या दिंडोरी किंवा गंगापूरकडच्या वायनरीत गेलात तर स्टीलच्या उंच टाक्या सगळ्या सारख्याच चकचकीत दिसतील. पण वाइन साठवायच्या टाकीचा खालचा घेर 304 चा आणि वरचा भाग 316 चा असू शकतो; हे स्टेनलेस स्टीलच्या दोन प्रतींचे नंबर. वाइन टिकावी म्हणून त्यात सल्फर डायऑक्साइड घालतात. हा वायू वरच्या मोकळ्या जागेत साठतो, पत्र्यावरच्या दमटपणात विरघळतो आणि 304 ला बारीक खड्डे पाडतो. 316 मधल्या 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम या धातूमुळे ते जास्त तग धरतं.

हे दोन पत्रे वेल्डिंगने जोडताना सांध्यात वितळवून भरायची तार कोणती घ्यायची? सातपूर-अंबडच्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये 304 साठी रोजची तार 308 एल. तिने सांधा पक्का होईल, ताकदीला काही कमी पडणार नाही. अडचण गंजाची आहे. आर्गन वेल्डिंगमध्ये सांध्यातला साधारण 70 टक्के धातू तारेतून येतो आणि उरलेला दोन्ही पत्र्यांच्या वितळलेल्या कडांमधून, असं धरू. 308 एल मध्ये मॉलिब्डेनम नसतं. म्हणजे 316 च्या कडेतून येईल तेवढंच, जेमतेम 0.3 टक्के. तार 316 एल घेतली तर तेच प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास जातं. सांधा वाइनच्या वरच्या, वायू साठणाऱ्या पट्ट्यात येत असेल तर माझ्या मते इथे दुसरा पर्यायच नाही. तो कायम वाइनखाली राहणार असेल, तर 308 एल चालते.

टाकीचे पाय एमएसचे, म्हणजे साध्या लोखंडी माइल्ड स्टीलचे असले की गणित बदलतं. स्टेनलेसला गंजू न देणारं क्रोमियम एमएसमध्ये जवळजवळ नसतंच, त्यामुळे सांध्यातलं क्रोमियम-निकेल पातळ होतं. 308 एल वापरली तर क्रोमियम 17 टक्क्यांच्या खाली येतं. एमएस जरा जास्त वितळलं की सांध्यात मार्टेन्साइट नावाची स्टीलची रचना तयार होते, कडक आणि ठिसूळ. म्हणून 309 एल. तिच्यात क्रोमियम सुमारे 24 आणि निकेल 13 टक्के. एवढी भेसळ होऊनही सांधा जवळपास 304 सारखाच उरतो.

हा हिशेब कागदावर मांडायची सोय अँटन शेफलर यांच्या 1949 च्या आलेखाने करून दिली. आडव्या अक्षावर क्रोमियम आणि त्याच्यासारखा परिणाम करणारी मूलद्रव्यं, उभ्यावर निकेल आणि त्याच्यासारखी; त्यावरून सांध्यात कोणती रचना तयार होईल ते कळतं. सांध्यात थोडं फेराइट (स्टीलची आणखी एक अंतर्गत रचना), साधारण 3 ते 8 टक्के, हवं असतं. ते अजिबात नसेल तर गंधक आणि फॉस्फरस कणांच्या सीमांवर साचतात, तिथला थर सर्वांत शेवटी गोठतो आणि आकसताना सांधा तडकतो. ‘एल’ म्हणजे कार्बन फार तर 0.03 टक्के, जास्त कार्बन क्रोमियमला कार्बाइडमध्ये अडकवून ठेवतो, मग गंज रोखायला ते कमी पडतं.

या तिन्ही तारा डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. नंबर टोकावर ठोकलेला असतो, म्हणून वेल्डरने बिननंबरचं टोक आधी वितळवावं आणि उरलेला तुकडा नंबरासकटच परत ठेवावा.