बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या साहाय्यकांचे प्रशिक्षण : दोन शतकांची पार्श्वभूमी

बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसोबत काम करण्याचे शिक्षण घेणाऱ्याला आज एकाच अभ्यासक्रमात कितीतरी वेगवेगळ्या गोष्टी शिकाव्या लागतात. अपस्माराचा झटका आल्यास काय करावे, न बोलणाऱ्या माणसाशी संवाद कसा साधावा, त्रासदायक वाटणाऱ्या वागणुकीमागचे कारण कसे शोधावे आणि एखाद्याला स्वतःचा निर्णय घेण्यास मदत करताना आपले मत त्याच्यावर लादले जात नाही ना हे कसे ओळखावे, हे सगळे त्यात येते. यांतील काही गोष्टी वर्गखोलीतून आल्या, काही रुग्णालयाच्या वॉर्डातून, तर काही चौकशी समित्यांच्या अहवालांतून आणि पालकांच्या चळवळींतून. हेच काम एका देशात परिचर्येची शाखा मानले जाते, दुसऱ्यात शिक्षणशास्त्राची आणि तिसऱ्यात समाजसेवेची, यामागेही हाच इतिहास आहे.

या इतिहासाची सुरुवात बहुधा पॅरिसमध्ये मानली जाते. फ्रान्सच्या आवेरों भागातील जंगलात सापडलेल्या आणि पुढे व्हिक्टर हे नाव मिळालेल्या मुलाला 1800 साली तेथील मूकबधिरांच्या राष्ट्रीय संस्थेत आणण्यात आले. झाँ इतार या तरुण डॉक्टराने त्याला सुमारे पाच वर्षे शिकवले आणि 1801 व 1806 साली त्यावर अहवाल लिहिले. व्हिक्टर बोलायला शिकला नाही. तरीही एकाच विद्यार्थ्याचे बारकाईने निरीक्षण करायचे, त्याला काय जमते यावरून पुढची पायरी ठरवायची आणि ती फसली तर पद्धत बदलायची, ही रीत त्या अहवालांतून पुढच्यांना मिळाली. मात्र व्हिक्टरचे जेवण, आंघोळ, फिरणे, त्याची रडारड आणि समजूत हे सारे मादाम गेरँ ही संस्थेने नेमलेली स्त्री पाहत होती, आणि इतारने प्रयोग थांबवल्यावरही 1828 मध्ये व्हिक्टरचा मृत्यू होईपर्यंत तो तिच्याकडेच राहिला. तिने स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. शिकवणाऱ्याचे ज्ञान ग्रंथांत गेले आणि सांभाळणाऱ्याचे तिच्यापाशीच राहिले; माझ्या मते या व्यवसायाच्या प्रशिक्षणातील सर्वांत जुनी उणीव हीच आहे.

इतारचा शिष्य एदुआर सेगँ याने ती रीत पद्धतशीर केली. स्नायूंचे आणि इंद्रियांचे व्यायाम, त्यानंतर अनुकरण आणि मग कल्पना, असा त्याचा क्रम होता. 1848 नंतरच्या राजकीय उलथापालथीत तो अमेरिकेत गेला आणि तिथल्या नव्या शाळांवर त्याच्या विचारांचा मोठा प्रभाव पडला. पुढे रोममध्ये 1900 साली अशा मुलांच्या शिक्षकांसाठी खास अध्यापन विद्यालय सुरू झाले. इतार आणि सेगँ यांचे लेखन बारकाईने अभ्यासलेल्या मारिया माँटेसरी या त्याच्या सहसंचालक होत्या. त्यांचे नाव आज जगभरच्या बालवाड्यांशी जोडले जात असले, तरी त्या पद्धतीची जडणघडण येथे झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात निघालेल्या संस्था मुलांना काही वर्षे शिकवून घरी पाठवण्याच्या हेतूने सुरू झाल्या होत्या. पण घरी परतलेल्यांना समाजात जागा नव्हती, दाखल होणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि शाळांची हळूहळू आजन्म राहण्याची ठिकाणे झाली. एका परिचारकाकडे डझनावारी माणसे आल्यावर त्याचे कौशल्य स्वच्छता, शिस्त आणि गणती यांपुरते उरले. ब्रिटनमध्ये मनोरुग्णालयांच्या डॉक्टरांच्या संघटनेने 1885 साली परिचारकांसाठी पुस्तिका काढली आणि 1891 पासून परीक्षा सुरू केल्या. बौद्धिक अक्षमतेच्या संस्थांमधील प्रशिक्षण पुढे याच वाटेने परिचर्येच्या चौकटीत गेले. परिचारकाला मान आणि प्रमाणपत्र मिळाले हे खरेच, परंतु ज्याला कोणताही आजार नाही असा माणूसही कायमचा रुग्ण ठरला.

याच सुमारास सुप्रजननशास्त्राचा, म्हणजे ‘अयोग्य’ ठरवलेल्यांना संतती होऊ न देता वंश सुधारू पाहणाऱ्या विचाराचा, जोर वाढला. अमेरिकेतील न्यू जर्सीमधल्या व्हाइनलँडच्या संस्थेत शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरत आणि त्यांत मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडर्ड हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन चाचण्या शिकवीत असत. येथे शिकलेल्या शिक्षकांनी देशभर विशेष वर्ग चालवले, आणि त्यांच्याबरोबरच माणसांना आकड्यांनुसार वेगळे काढण्याची सवयही सर्वत्र पोचली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1927 मध्ये सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. नाझी जर्मनीत 1939 पासून अक्षम व्यक्तींच्या हत्येची मोहीम सुरू झाली आणि तिच्यात प्रशिक्षित डॉक्टर व परिचारिका सहभागी होत्या. तंत्रातील नैपुण्यामुळे माणुसकी आपोआप येत नाही याचा यापेक्षा भीषण पुरावा सापडणार नाही, आणि या विषयाच्या अभ्यासक्रमात नीतिशास्त्राला शोभेचा धडा मानणाऱ्यांनी तो विसरू नये.

युद्धानंतर दिशा बदलली ती प्रथम पालकांमुळे. ब्रिटनमध्ये 1946 साली आणि अमेरिकेत 1950 साली त्यांच्या राष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या. डेन्मार्कमध्ये पालकांच्या मागण्यांना बँक-मिकेल्सन या प्रशासकाची साथ मिळाली आणि 1959 च्या कायद्याने या व्यक्तींना शक्य तितके इतरांसारखे जीवन मिळावे हे ध्येय मान्य केले. संशोधनाचीही भर पडत होती. मानसशास्त्रज्ञ जॅक टिझार्ड यांनी 1958 मध्ये लंडनच्या एका रुग्णालयातून सोळा मुलांना ब्रुकलँड्स या घरात हलवले आणि तिथे बालवाडीसारखे वातावरण, खेळ आणि ठरावीक मोठ्या माणसांचा सहवास दिला. दोन वर्षांत त्यांची भाषा रुग्णालयात राहिलेल्या तशाच मुलांपेक्षा कितीतरी पुढे गेली. टिझार्ड आणि सहकाऱ्यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेला पुढचा निष्कर्ष प्रशिक्षणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होता: मुलांच्या निवासगृहांच्या परिचर्या शिकलेल्या प्रमुखांपेक्षा बालसंगोपन शिकलेले प्रमुख मुलांशी जास्त बोलत आणि त्यांच्यात जास्त मिसळत. कोण कामावर आहे इतकेच नव्हे, तर तो काय शिकून आला आहे यावरही मुलांचा दिवस कसा जाणार हे अवलंबून होते.

हे प्रशिक्षण परिचर्येचे असावे की नाही, हा वाद ब्रिटनमध्ये चांगलाच पेटला. कार्डिफच्या ईली रुग्णालयातील एका साहाय्यक परिचारकाने तिथल्या मारहाणीला आणि चोऱ्यांना वाचा फोडली, आणि 1969 च्या चौकशी अहवालाने त्यातील बरेच काही खरे ठरवले. पुढे 1979 साली पेगी जे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हे काम रुग्णसेवेचे नसून जगण्याला साथ देण्याचे आहे, तेव्हा त्याचे प्रशिक्षण परिचर्येतून काढून समाजसेवेच्या अंगाने द्यावे, अशी शिफारस केली. परिचारकांच्या संघटना खवळल्या आणि सरकारने ती शिफारस स्वीकारली नाही. त्यामुळे तिथे या क्षेत्राची स्वतंत्र परिचर्या-पदवी आजही आहे. विरोध केवळ नोकऱ्या टिकवण्यासाठी होता असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण अपस्मार, गिळण्याचे त्रास आणि दुर्लक्षित राहणारी दुखणी या लोकांमध्ये अधिक आढळतात, आणि ती ओळखणारे कोणीतरी हवेच असते.

त्याच दशकात अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी तीव्र अक्षमता असलेल्या लोकांना सायकलच्या ब्रेकची जोडणी शिकवून दाखवली. काम लहान पायऱ्यांत विभागायचे, आणि शिकणारा अडला तर दोष त्याच्यात न शोधता शिकवणाऱ्याने दुसरी पद्धत वापरायची, हे त्यांचे सूत्र होते. इतारने केलेलेच हे काम होते, फरक इतकाच की आता ते सामान्य कर्मचाऱ्यालाही शिकवता येईल अशा रूपात मांडले गेले.

मोठ्या संस्था बंद होऊ लागल्या तसे साहाय्यकाचे कामही बदलले. वॉर्डात वरिष्ठ हाकेच्या अंतरावर असत, तर तीन-चार जणांच्या घरात रात्रपाळीचा कर्मचारी एकटा असतो आणि पैसे, औषधे, शेजारी, मैत्री, कधी प्रेमसंबंध यांविषयीच्या प्रश्नांत त्याला जागच्या जागी विवेक वापरावा लागतो. एवढ्या जबाबदारीला पुरेसे शिक्षण मात्र त्याला क्वचितच मिळाले. अनेक ठिकाणी काही दिवसांच्या प्राथमिक प्रशिक्षणावर, अपुऱ्या पगारात माणसे कामाला लागली आणि लवकरच सोडूनही गेली. अमेरिकेत 1996 मध्ये अशा थेट साहाय्यकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि तिने पुढे स्वतःची आचारसंहिता तयार केली, त्यामागे हीच खदखद होती. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारानेही अक्षम व्यक्तींसोबत काम करणाऱ्यांना त्या व्यक्तींच्या हक्कांचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी राष्ट्रांवर टाकली.

सर्वांत अलीकडचा बदल शिकवणाऱ्यांच्या बाजूला झाला आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात 1974 साली बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडण्यासाठी संघटना उभारली, आणि तेव्हापासून ते परिषदांत, नेमणुकीच्या मुलाखतींत आणि प्रशिक्षणवर्गांत बोलू लागले. इंग्लंडमध्ये 2022 च्या कायद्याने आरोग्य व निगा सेवांतील कर्मचाऱ्यांना बौद्धिक अक्षमतेविषयीचे प्रशिक्षण बंधनकारक केले असून, त्यासाठी शासनाने पसंत केलेल्या अभ्यासक्रमात अशी व्यक्ती स्वतः सहप्रशिक्षक असते. अशा वर्गात आपल्याला न विचारता आपले जेवण कोणी ठरवले तर कसे वाटते, किंवा डॉक्टर आपल्याऐवजी सोबत आलेल्या माणसाशीच बोलतात तेव्हा काय होते, हे शिकाऊ साहाय्यकाला ज्याच्यावर ती वेळ आली आहे त्याच्याकडूनच ऐकता येते.