उद्याची बिअर आणि नागपूरचा मे महिना

डिसेंबर संपत आला की ‘येत्या वर्षात काय चालणार’ छापाच्या याद्या सुरू होतात. छोट्या कारखान्यांत बनणारी क्राफ्ट बिअरही त्यातून सुटत नाही. गढूळ दिसणारी, भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घातलेली आयपीए, फळं घातलेली आंबट बिअर, बिनअल्कोहोलची बिअर. 2024 मध्ये त्यात ‘एआयने चव सुधारलेल्या बिअर’ची भर पडली. त्या बातमीमागचं संशोधन पक्कं आहे. बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठाच्या चमूने 250 बिअर घेतल्या, प्रत्येकीचे दोनशेहून जास्त रासायनिक गुणधर्म मोजले, प्रशिक्षित मंडळींकडून चव तपासून घेतली, ग्राहकांचे सुमारे 1 लाख 80 हजार अभिप्राय त्याला जोडले आणि कोणत्या रसायनांच्या मेळाला लोक दाद देतात ते संगणकाला शिकवलं. मॉडेलने सुचवलेले घटक मिसळल्यावर चाखणाऱ्यांना ती बिअर खरोखरच जास्त आवडली. पण त्यावरून ‘आता एआय बिअर बनवणार’ असा जो गाजावाजा झाला तो फुकाचा. हे मॉडेल आजच्या जिभेचा अंदाज बांधतं. वीस वर्षांनी टाकीत काय आंबत असेल ते हवामान, पीकपाणी आणि विजेचं बिल ठरवेल, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त यीस्ट ठरवेल.

पिकाचं थोडक्यात सांगतो. बार्लीवरचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र दुष्काळ आणि उष्णता एकाच वर्षी आली तर जगातलं बार्लीचं सरासरी उत्पन्न 3 ते 17 टक्क्यांनी घटेल, असा त्याचा अंदाज आहे. 2023 च्या दुसऱ्या अभ्यासानुसार युरोपातल्या हॉप्सचं उत्पन्न 2050 पर्यंत 4 ते 18 टक्क्यांनी, तर बिअरला कडवटपणा देणारी त्यातली अल्फा आम्लं 20 ते 31 टक्क्यांनी कमी होतील. हॉप्सच्या वेलीला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतो, त्यामुळे 21 अंश अक्षांशावरच्या नागपुरात ती लावून हा प्रश्न सुटणार नाही.

आता नागपूरच्या मे महिन्याकडे येऊ. पारा 45 च्या पुढे गेलेला असतो, गच्चीवरच्या टाकीतून आलेलं पाणी दुपारी हातावर घेववत नाही, आणि ‘नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागला’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यामुळे ऊन तापतं, असं अजूनही सांगितलं जातं. रोहिणीचा तारा आपल्यापासून सुमारे 65 प्रकाशवर्षं दूर आहे, त्याची धग इथे पोहोचत नाही. 26 मेच्या सुमारास दुपारी सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि तेव्हा हवा कोरडी, आकाश निरभ्र असतं. कारण एवढंच.

अशा शहरात बिअर बनवणं म्हणजे मुख्यतः उष्णतेशी झगडा. मोड आणून वाळवलेली बार्ली गरम पाण्यात भिजवून गोड अर्क काढतात, त्याला वर्ट म्हणतात. हॉप्स घालून वर्ट उकळायचा आणि यीस्ट सोडण्यापूर्वी गार करायचा. एल आणि लागर हे बिअरचे दोन मुख्य प्रकार. साध्या एलसाठी 18 ते 22 अंश, लागरसाठी 8 ते 13. नळाचंच पाणी 32-33 अंशांवर असेल तर ते फिरवून वर्ट 20 अंशांवर येणार कसा? त्यासाठी वेगळं थंड पाणी साठवावं लागतं. शिवाय यीस्ट साखर खाताना स्वतःच उष्णता सोडतं. एक किलो साखर आंबली की सुमारे 590 किलोज्यूल. लिटरमागे 80 ग्रॅम साखर आंबणार असेल आणि टाकी मुळीच गार केली नाही, तर तापमान नुसत्या किण्वनानेच (आंबण्यानेच) दहा-बारा अंशांनी चढेल. म्हणून टाकीभोवतीच्या कवचातून थंड ग्लायकॉल (शून्याखालीही न गोठणारा द्रव) अखंड फिरत असतो आणि तो गार करणाऱ्या चिलरची बाहेरची कॉइल रणरणत्या हवेत उष्णता ओकत असते.

टाकी तापली तर बिघडतं काय? यीस्टला वाढीसाठी नायट्रोजन लागतो. तो मिळवायला ते ल्यूसिनसारख्या अमिनो आम्लाचा अमिनो गट काढून घेतं. उरलेल्या सांगाड्यातून पुढे आयसोअमाइल अल्कोहोल आणि त्याचे भाऊबंद तयार होतात. याला एर्लिख मार्ग म्हणतात. तापमान वाढलं की यीस्ट भराभर वाढतं, हा मार्ग जोरात चालतो आणि बिअरला स्पिरिटसारखा उग्र दर्प येतो. आणखी चढलं तर यीस्टच्या पेशींचं आवरण गळायला लागतं, प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि किण्वन अर्ध्यावर थांबतं.

यावरचा उपाय नॉर्वेसारख्या थंड देशातून यावा, हे मला फार विलक्षण वाटतं. पश्चिम नॉर्वेतल्या व्हॉस, होर्निंडाल अशा भागांत शेतकरी घरोघरी बिअर बनवत आणि घरचं यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या जपत. तिथल्या बोलीत त्याला ‘क्वैक’ म्हणतात. गरम वर्ट पुरता निवण्याआधीच, 30 ते 40 अंशांवर, ते त्यात क्वैक सोडत. किण्वन भराभर उरकत असे. तळाशी बसलेलं यीस्ट लाकडी कड्यांवर थापून वाळवत आणि पुढच्या खेपेपर्यंत टांगून ठेवत. प्रत्येक खेपेला यीस्टला दोन परीक्षा द्याव्या लागत, उष्णतेची आणि वाळण्याची. ज्या पेशी टिकल्या त्यांचाच वंश पुढे चालला. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं की क्वैक ही बिअरच्या यीस्टची जनुकीयदृष्ट्या वेगळी शाखा आहे. 2022 च्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात एक महत्त्वाचा धागा सापडला: क्वैकच्या पेशींत ट्रेहॅलोज नावाची साखर नेहमीच्या बिअर यीस्टपेक्षा जास्त साठते.

ट्रेहॅलोजबद्दल थोडं सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. ग्लुकोजच्या दोन रेणूंची ही जोडी. पण दोन्ही रेणू आपापल्या क्रियाशील टोकांनीच एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे बाहेर काढायला हात उरत नाही. ग्लुकोज जास्त साठला तर तो प्रथिनांना चिकटून त्यांची नासाडी करतो, ट्रेहॅलोज कितीही साठवला तरी तसं करत नाही. पेशी वाळू लागली की प्रथिनांभोवतीचं पाणी जातं आणि त्यांना सावरणारे हायड्रोजन बंध तुटतात. ट्रेहॅलोजचे रेणू त्या मोकळ्या जागा घेतात आणि प्रथिन, पेशीपटल यांचा आकार टिकवतात. पाणी फारच कमी झालं तर ट्रेहॅलोजचे स्फटिक न होता त्याची काच बनते, चिक्कीचा पाक थंड होताना कडक आणि पारदर्शक होतो तशी, आणि पेशीतलं सगळं जागच्या जागी थिजून राहतं. लाकडी कड्यावरचं यीस्ट महिनोन्‌महिने तग धरतं यामागे हे एक कारण असणार.

उष्णतेतही हीच साखर उपयोगी पडते. उलगडू लागलेली प्रथिनं एकमेकांत गुंतून त्यांचा गोळा होणं ती रोखते. मात्र तिचा अंमल फार वेळ राहिला तर अडचण होते. मोडकळीला आलेल्या प्रथिनांच्या घड्या परत घालणारी वेगळी प्रथिनं असतात, त्यातलं एचएसपी 104 प्रसिद्ध आहे, आणि भरपूर ट्रेहॅलोज असताना त्यांना काम करता येत नाही. म्हणून धोका टळला की यीस्ट ट्रेहॅलेज हे विकर (एन्झाइम) सोडून तीच साखर तोडतं. आधी सगळं गोठवून वाचवायचं, मग मोकळं करून दुरुस्त करायचं. एका पेशीच्या सजीवात हा क्रम इतका नेमका बसलेला आहे.

आता विजेचा हिशोब. चिलरला लागणारी किमान वीज दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. बाहेरची कॉइल 58 अंशांवर आणि ग्लायकॉल उणे 3 वर असेल तर फरक 61 अंशांचा. टाकी 35 अंशांवर चालवायची असेल तर ग्लायकॉल 20 वर असला तरी भागतं, फरक 38 वर येतो. तेवढीच उष्णता बाहेर काढायला लागणारी सैद्धांतिक किमान वीज यामुळे सुमारे 40 टक्क्यांनी घटते. शिवाय 45 अंशांच्या हवेतून 35 च्या टाकीत झिरपणारी उष्णताही थोडी. वर्ट तर जवळपास नळाच्या पाण्यावरच निवतो. तयार बिअर निवळायला आणि ग्लासात ओतायला शेवटी थंड करावीच लागते, तो खर्च राहतोच. तरी उन्हाळा लांबत चाललेल्या शहरांतल्या मायक्रोब्रुअरी या यीस्टकडे वळतील, हे भाकीत मी कोणत्याही जानेवारीतल्या यादीपेक्षा जास्त खात्रीने करतो. स्वच्छ, कोरडी लागर मात्र थंडीत सावकाश आंबणाऱ्या यीस्टचीच राहील.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण उन्हाळ्यात ती हमखास कानावर येते. ‘बिअरने अंग थंड राहतं, मुतखडाही पडून जातो.’ दोन्ही खोटं. अल्कोहोल व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाला दाबतं, त्यामुळे मूत्रपिंडं शरीराला हवं असलेलं पाणीही सोडून देतात. 45 अंशांच्या उन्हात ते धोक्याचं आहे. बिअरमधल्या प्युरिन द्रव्यांमुळे युरिक आम्लही वाढतं, आणि काही मुतखडे त्याचेच असतात. उन्हातून आल्यावर मठ्ठा किंवा पन्हं घ्या.

व्हॉसच्या क्वैकला संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. वासाचा हा भाग यीस्टने बनवलेल्या एस्टरांचा, म्हणजे फळांसारखा वास देणाऱ्या संयुगांचा. नागपुरी संत्र्याची साल त्यात घातली तर सालीच्या तेलातलं लिमोनिन त्यावर स्वार होईल की मिसळून जाईल, हे करून पाहण्याजोगं आहे. बाटलीतला इसेन्स ओतून ‘ऑरेंज सिटी’ नाव देणं हा काही प्रयोग नव्हे.

मला जास्त कुतूहल विदर्भातल्या ज्वारीचं आहे. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पूर्वापार बनते. अडचण तापमानाचीच. बार्लीचं पिठूळ (स्टार्च) 60 ते 65 अंशांना फुलतं आणि त्याच पट्ट्यात त्यातलं बीटा-अमायलेज हे पिठुळाची साखर करणारं विकर काम करतं. ज्वारीचं पिठूळ फुलायला 70 च्या आसपास जावं लागतं, तोवर ते विकर निकामी होत आलेलं असतं. त्यामुळे ज्वारी आधी वेगळी शिजवून, गार करून मग गरम पाण्यात भिजवलेल्या बार्लीत मिसळावी लागते. आणि मोड न आणलेल्या ज्वारीतून अमिनो आम्लं थोडीच मिळतात, तर क्वैकला ती नेहमीच्या यीस्टपेक्षा जास्त लागतात. तेव्हा ज्वारीचं प्रमाण कुठवर वाढवलं तरी क्वैक 35 अंशांवर उपाशी न राहता किण्वन पुरं करतं, हे आधी मोजावं लागेल.