चांदी रंगावर डेकल लावाच्या आधी ग्लॉस मारा लागते का? नाही, दरवेळी नाही

मॉडेल विमानं बनवणाऱ्यांत एक गोष्ट लय वर्षांपासून चालत आली, की मेटॅलिक रंगावर ग्लॉस क्लिअर कोट (चकचकीत पारदर्शक थर) मारल्याशिवाय डेकल (पाण्यात भिजवून लावाची पातळ चिन्हं) लावाचंच नाही, नाहीतर खाली पांढरट चमक येते. भाऊ, ती चमक रंग मेटॅलिक आहे म्हणून नाही येत, पृष्ठभाग खरखरीत असला की डेकलच्या फिल्मखाली हवा अडकते अन् तीच चांदीसारखी दिसते.

आता अल्क्लॅडसारखा (मॉडेलसाठीच्या धातूरंगाचा ब्रँड) लॅकर रंग, ग्लॉस काळ्या बेसवर मारून नीट वाळलेला, आधीच काचेसारखा गुळगुळीत असतो, त्यावर डेकल सरळ बसते. वरून क्लिअर मारला तर धातूची झाकच मरते, अन् ज्या मिग-21 साठी एवढी मेहनत केली (आपल्या वायुदलात 1963 मध्ये आलं ते) ते नुसतं राखाडी दिसते, जीव जळतो पाहून. हो, दाणेदार अॅल्युमिनियम रंग असला तर मात्र ग्लॉस पाहिजेच.

खरं लक्ष पाण्याकडं द्या. आपल्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं, बादलीच्या काठावर पांढरा थर बसते ना, तोच डाग डेकलच्या कडेला उमटते अन् चांदीवर तर लगेच दिसते. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. फिल्मची जास्तीची कडा आधीच कापा, खालचं पाणी ओल्या ब्रशनं मधातून बाहेर काढा. सॉफ्टनर (डेकल मऊ करून नीट बसवणारं द्रावण) काही रंगांची चमक खाते, म्हणून आधी पंखाच्या खालच्या बाजूनं एक थेंब टाकून पाहा, अन् मे महिन्यात हे काम सकाळीच करा, दुपारी थेंब बसाच्या आत वाळते.