मोरजीचं कासव आणि तिसरीचा वर्ग

गोव्यातली, पेडण्याकडची एक मराठी प्राथमिक शाळा. पावसाळी सकाळ, मधल्या सुट्टीत पाव-भाजीची रांग. मागून धक्का बसला आणि तिसरीतल्या एका मुलाचा पाव थेट पागोळ्यांखालच्या चिखलात पडला. क्षणात त्यानं मागच्याची कॉलर पकडली. बाई धावल्या, पण ओरडल्या नाहीत. ‘कासव कर,’ एवढंच म्हणाल्या. मुलानं हात छातीशी घट्ट धरले, मान खाली घातली, तीन लांब श्वास घेतले आणि पुटपुटला, ‘म्हाका वायट दिसलें.’

मला वाटलं होतं, तो ‘राग आला’ म्हणेल.

ही युक्ती बाईंनी काढलेली नाही. 1970च्या दशकात अमेरिकेत पटकन हातघाईवर येणाऱ्या मुलांसाठी ती वापरली गेली. पुढे तिथल्या एका अभ्यासक्रमात ती रुळली आणि तो आधी कर्णबधिर मुलांच्या वर्गांत आजमावला गेला. घरात खुणांची भाषा नसेल तर अशा मुलांपर्यंत भावनांची नावंच पोचत नाहीत. मग मनातलं बाहेर पडतं ते ढकलाढकलीतून.

नावाला एवढं महत्त्व का? मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो, धोक्याची घंटा वाजवणारा. तिला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. आठ वर्षांच्या मुलाकडून मोठ्यांच्या संयमाची अपेक्षा करणं म्हणूनच फुकट. 2007मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रौढांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. चेहऱ्यावरची भावना शब्दांत सांगितली की अमिग्डालाची धावपळ कमी होई. त्याच चेहऱ्याला नुसतं माणसाचं नाव दिलं, तर ती तेवढी कमी होत नसे. लांब श्वासाचं कामही शारीरिकच: श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात.

गोव्यातल्या मराठी शाळेत इथे एक गंमत आहे. पुस्तक मराठी, पण रुसवा-फुगवा, रडणं-भेकणं सगळं कोकणीत. ‘शुद्ध बोल’ असं त्या क्षणी बाई म्हणाल्या असत्या तर मुलगा गप्प बसला असता. त्यांनी ‘वायट दिसलें’ फळ्यावर लिहिलं, शेजारी ‘वाईट वाटलं’, खाली ‘हिरमुसलो’, ‘खट्टू झालो’, ‘ओशाळलो’. राग आणि हिरमोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिसरीच्या मुलांना चटकन कळतं. मोठ्यांनाच जड जातं.

अशा शिकवण्याचा उपयोग होतो का? 2011मध्ये 213 कार्यक्रमांचा, 2 लाख 70 हजार विद्यार्थ्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. वागणूक सुधारलीच, शिवाय अभ्यासातही सरासरी 11 शतमकांची वाढ दिसली. म्हणजे खालून मोजलं तर शंभरांत पन्नासावा असणारा मुलगा साधारण एकसष्टाव्या जागी. अभ्यासातला हा फायदा मात्र शाळेतल्याच शिक्षकांनी शिकवलं तिथे दिसला. वर्षातून एकदा पाहुणे बोलावून ‘मूल्यशिक्षणा’वर भाषण ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. सगळंच यशस्वी होतं असंही नाही. ब्रिटनमध्ये 8,000हून अधिक किशोरवयीन मुलांवर प्रयोग झाला; त्यातल्या साधारण निम्म्यांना शाळेत सजगतेचे (माइंडफुलनेसचे) धडे दिले. 2022मध्ये निष्कर्ष आले तेव्हा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा वेगळा फायदा आढळला नाही. बऱ्याच मुलांनी घरी सरावच केला नव्हता.

सराव शांत असताना करायचा असतो. पाव चिखलात पडल्यावर कासव शिकवायला घेतलं तर उशीर झालेला असतो, म्हणून बाई ते रोज प्रार्थनेनंतर घेतात. एके दिवशी मोरजीची एक मुलगी उभी राहिली. ‘बाई, आमच्या दर्यातल्या कासवाक मान भितर घेवंक येना.’ बरोबर होतं. मोरजीच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले समुद्री कासव; अशा कासवांना डोकं कवचात ओढून घेता येत नाही.

‘मग ते काय करतं?’ बाईंनी विचारलं.

‘उदकांत वता.’ पाण्यात जातं.

तेव्हापासून त्या वर्गात दोन कासवं आहेत. एक जमिनीवरचं, मान खाली घालणारं. दुसरं दर्यातलं: ते उठतं, नळावर जाऊन तोंड धुतं आणि कुणालाही न विचारता परत जागेवर येऊन बसतं.