‘जागा कालच गेली’ हे उत्तर कसे तपासतात?

हेतू सिद्ध झालेला नसताना केवळ परिणामांवरून भेदभाव ठरवणाऱ्या नियमांच्या अंमलबजावणीला प्राधान्य देऊ नये, असा आदेश अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एप्रिल २०२५ मध्ये काढला. घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशभेदाला बंदी घालणाऱ्या १९६८ च्या न्याय्य गृहनिर्माण कायद्याच्या दृष्टीने ही चिंतेची बाब आहे, कारण वंशभेद करणारा घरमालक आता सहसा उघड नकार देत नाही. तो ‘जागा कालच गेली’ असे नम्रपणे सांगतो, आणि तीच जागा नंतर गोऱ्या ग्राहकाला दाखवली गेली, हे कृष्णवर्णीय ग्राहकाला कळतच नाही.

हे उघडकीस आणणारी पद्धत म्हणजे जोडी-चाचणी. वय, उत्पन्न, नोकरी आणि कुटुंब कागदोपत्री सारखे असलेले दोघे, एक गोरा आणि एक कृष्णवर्णीय, एकाच जागेची चौकशी थोड्या अंतराने करतात आणि आपापला अहवाल स्वतंत्रपणे लिहितात. मात्र मधल्या वेळात जागा खरोखरच गेलेली असू शकते, म्हणून एका जोडीवरून निष्कर्ष काढता येत नाही. समजा, १०० जोड्यांपैकी ८० जोड्यांना सारखी वागणूक मिळाली, १४ मध्ये गोऱ्याला झुकते माप मिळाले आणि ६ मध्ये कृष्णवर्णीयाला. सारख्या ८० जोड्या झुकाव कोणत्या बाजूला आहे हे सांगत नाहीत. प्रश्न उरलेल्या २० चा आहे. सारा योगायोग असता तर विभागणी १०-१० च्या आसपास राहिली असती. नाणे २० वेळा उडवल्यास १४ किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे ६ टक्के असते, म्हणजे शंकेला थोडी जागा उरते. परंतु १,००० जोड्यांत हेच प्रमाण १४० विरुद्ध ६० असे टिकले, तर योगायोगाचे स्पष्टीकरण जवळजवळ अशक्य ठरते. म्हणूनच अमेरिकी गृहनिर्माण खात्याच्या २०१२ च्या अभ्यासात २८ महानगरांत ८,००० हून अधिक चाचण्या झाल्या. त्यांत कृष्णवर्णीय भाडेकरूंना गोऱ्यांपेक्षा सुमारे ११ टक्के, तर खरेदीदारांना सुमारे १७ टक्के कमी घरे सांगितली गेल्याचे आढळले.

‘संगणकाला वंश कळत नाही, म्हणून तो निःपक्षपाती’ ही आजची अंधश्रद्धाच आहे, कारण पत्त्याच्या पिनकोडवरूनही वंशाचा अंदाज बांधता येतो. शिवाय संगणकाने घराची जाहिरातच काहींना दाखवली नाही, तर जोडीने चौकशीला जायचे तरी कुठे? तेथे एकूण परिणामांची आकडेवारी हाच मुख्य पुरावा उरतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी परिणामांची ही कसोटी मान्य केली आहे आणि अध्यक्षीय आदेशाने तो निकाल रद्द होत नाही. मात्र सरकारी खात्यांनी अशी प्रकरणे हाती घेणे सोडले, तर ही खर्चिक आकडेवारी जमवून न्यायालयात मांडण्याचा भार घर नाकारल्या गेलेल्या माणसांवर आणि त्यांच्या संघटनांवर पडेल.